कापूस तुडवणारा कचरू

पिंपळगाव रेणुकाईत कचरू दांडगे येत असला की लांबूनच ओळखू येतो, कारण तो गुडघे उचलून चालतो. सपाट डांबरी रस्त्यावरसुद्धा त्याचं पाऊल असं पडतं, की खाली काहीतरी मऊ आहे आणि ते दाबून बसवल्याशिवाय त्याला पुढं जायचं नाही. वय बासष्ट, अंगानं शेलाटा, डोक्यावर टोपी. साडेतीन एकर जमीन आहे, ती आता मुलगा सोमेश्वर बघतो. कचरूच्या वाट्याला दोनच कामं उरली आहेत. सकाळी शेळ्या सोडणं आणि दहा वाजता बसथांब्यावर तातेरावच्या हॉटेलात चहा पिणं. हे दुसरं काम तो जास्त मन लावून करतो.

ही चाल त्याला जन्मानं मिळालेली नाही. पंचवीस हंगाम त्यानं ट्रकमधला कापूस तुडवला, तेव्हा ती पायात बसली. कापूस नुसता वरून टाकत गेलं तर गाडी भरल्यासारखी दिसते, पण माल निम्माच बसतो. म्हणून दोघं जण आत उतरतात आणि पडेल तो कापूस पायांनी दाबत दाबत स्वतः वर चढत येतात. सकाळी ट्रकच्या तळाला उभा असलेला माणूस दुपारी कॅबिनच्या वर डोकं काढतो. यालाही रीत आहे. आधी चार कोपरे, मग कडा आणि शेवटी मध्य. मध्य आधी दाबला तर कडा पोकळ राहतात आणि भर रस्त्यात गाडीचं पोट फुटतं. टाच आधी, चवडा नंतर. दोघांनी एकमेकांच्या उलट दिशेनं फिरायचं. नाकातोंडावर उपरणं गच्च, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि संध्याकाळी घशातली धूळ उतरायला गुळाचा खडा.

कचरूचा जोडीदार होता शिवाजी सपकाळ. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा आणि आवाजानं चौपट. दोघांनी मिळून किती गाड्या भरल्या याचा हिशेब त्यांच्यापाशी नाही. दोघांचं पटायचं. आत कापसात फिरताना न बोलता एकमेकांच्या पायाचा अंदाज यायचा. बाहेर आल्यावर मात्र बोलण्यात कोणी कोणाला हार जायचा नाही, आणि एकोणीसशे सत्त्याऐंशीपासून तर त्यांना भांडायला कायमचा विषयच मिळाला.

त्याचं असं झालं. जाफराबादला एका कापड दुकानदाराचा राधेश्याम नावाचा मुलगा होता. बापानं त्याला गादीवर बसवलं, तर हा गिऱ्हाइकाला कापड दाखवायचं सोडून गिऱ्हाइकाच्या हातांकडे बघत बसायचा. शेवटी कंटाळून बापानंच त्याला कॅमेरा घेऊन दिला, म्हणजे निदान दुकानाबाहेर तरी जाईल. तो खरंच बाहेर पडला. शहाऐंशीच्या हंगामात कापसाच्या गाड्या भरत होत्या, तेव्हा तो चार दिवस पिंपळगावात येऊन राहिला. हमालांबरोबर भाकरी खाल्ली, त्यांच्याबरोबर शिंकला, आणि कॅबिनच्या टपावर चढून फोटो काढत बसला. पुढं तो मुंबईला गेला आणि फार मोठा झाला. त्याच्या फोटोंची पुस्तकं निघाली, देशाबाहेर प्रदर्शनं लागली. कष्टाच्या माणसाचा फोटो लांब उभं राहून काढायचा नसतो, त्याच्या कामात उतरून काढायचा असतो, हे नव्या पोरांनी म्हणे राधेश्यामचं बघून उचललं.

पण त्या चार दिवसांतला फोटो पिंपळगावनं पाहिला तो वर्षभरानं. शाळेतल्या गुरुजींनी एका रविवारी पेपरची पुरवणी आणली. तिच्यात तळहाताएवढा काळापांढरा फोटो होता. सगळीकडे कापूस. मधोमध एक माणूस गळ्यापर्यंत कापसात. तोंडाला फडकं, दिसतात ते फक्त डोळे. एक हात वर, बोटं फाकलेली. खाली लिहिलं होतं, ‘कापसात. छायाचित्र: राधेश्याम’. माणसाचं नाव नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "हा तर आपला कचरू!"

शिवाजी मागंच उभा होता. तो म्हणाला, "गुरुजी, चष्मा लावा. हा म्या हाय."

बस्स. तेव्हापासून तातेरावच्या हॉटेलात हा खटला चालू आहे.

"हात बघ फोटोतला," शिवाजी म्हणायचा. "इतका लांब हात तुझा हाय का? तुझा हात तर ताटातून वाटीत पोचत न्हाई."

"अन् डोळे?" कचरू म्हणायचा. "हे डोळे बराबर माणसाचे हायत. तुझे म्हशीसारखे."

"फडक्याची गाठ बघ. डाव्या अंगाला हाय. म्या डावरा!"

"तू डावरा फक्त फुकटचं घेताना."

तातेराव दोघांचंही ऐकायचा आणि दोघांकडूनही चहाचे पैसे घ्यायचा. निकाल मात्र कधी द्यायचा नाही. कचरूनं ते कात्रण काचेत बसवून ओटीवर लावलं. शिवाजीनं दुसरीकडून पुरवणी मिळवून तिच्यातलं कात्रण आपल्या घरी लावलं. दोन्ही घरांत पाहुणा आला की फोटो दाखवला जायचा, आणि पाहुणा शहाणा असला तर दोन्ही घरी मान डोलवायचा.

वरून थट्टेचा विषय होता खरा. पण कचरूच्या मनात तो थट्टेचा नव्हता. लोक त्याला चांगला माणूस म्हणत, तरी त्याच्या नावावर असं खास काही नव्हतं. ना सरपंचकी, ना कुस्तीची गदा, ना दहावीचा निकाल. एवढा एक फोटो होता आणि त्यातही निम्मा शिवाजीचा. आपण डोळे मिटायच्या आत कोणीतरी एकदा पक्कं सांगावं, की फोटोतला तो कचरूच. बाकी त्याला काही नको होतं.

आणि यंदा संक्रांत झाल्यावर फोन आला.

अर्पिता नावाची पुण्याची मुलगी राधेश्यामवर माहितीपट करत होती. राधेश्याम दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याचं लहानपण, काम, मुंबई सगळं चित्रित करून झालं होतं. शेवटचा भाग राहिला होता, आणि तो होता कापसातल्या त्या माणसाचा. तिच्याजवळ त्या दिवसाचा अख्खा रोल होता, सगळे छत्तीस फोटो, ओळीनं. "त्यावरून नक्की कळेल, काका," ती फोनवर म्हणाली.

कचरूनं फोन ठेवला आणि थेट न्हाव्याकडं गेला.

पुढचे चार दिवस घरात शांतता नव्हती. नवा सदरा आला. टोपीला खळ दिली. आरशासमोर उभा राहून तो हात वर करायची तालीम करू लागला. त्याची बायको केशरबाई तांदूळ निवडत होती, ती बघून म्हणाली, "बस थांबवल्यासारखा हात कशाला करून राह्यले?"

"फोटोत असाच हाय."

"असंल," केशरबाई म्हणाली आणि खडा वेचून बाजूला टाकला.

ठरल्या दिवशी अकराला गाडी आली. अर्पिता उतरली, पंचविशीची, गळ्यात चष्मा लोंबकळत असलेली. तिच्याबरोबर कॅमेरामन बुद्धभूषण होता. तो जाफराबादचाच, तिशी ओलांडलेला, त्यामुळे दारातून आत येताच त्यानं ‘काकू, पाणी द्या’ म्हणून घर आपलं केलं. तिसरा शिवाजी होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो जाकीट घालून आला होता.

"लगीन हाय का कुठं?" कचरूनं विचारलं.

"निकाल हाय," शिवाजी म्हणाला आणि चांगली खुर्ची पाहून बसला.

बुद्धभूषण जागा बघत घरात हिंडला. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. यंदा भाव पडलेला, म्हणून सोमेश्वरनं वेचलेला कापूस विकला नव्हता. खोली खिडकीच्या वरपर्यंत पांढरी झाली होती. "मॅडम, हे बघा," तो ओरडला. अर्पितानं बघितलं आणि हातातली वही तशीच छातीशी धरून उभी राहिली. पण आधी निकाल, असं तिनंच ठरवलं होतं. ओटीवर टेबल मांडलं, त्यावर लॅपटॉप ठेवला.

"सुरू करायच्या आधी एक ऐकवते," ती म्हणाली. "राधेश्यामजींना आयुष्यभर लोकांनी हे विचारलं, की तो माणूस कोण. त्यांनी कधी सांगितलं नाही. एका मुलाखतीत हे म्हणालेत."

लॅपटॉपमधून म्हाताऱ्या माणसाचा दमलेला आवाज आला, "नाव विचारू नका. मी शब्द दिलाय."

कचरू गोंधळला. "कुणाला शब्द? मला तर न्हाई दिला."

"मला दिल्ता," शिवाजी लगेच म्हणाला.

"कवा?"

"आता तारीख कुठं ध्यानात हाय!"

अर्पिता हसली. मग तिनं सांगितलं, की या एका हातावर मोठमोठ्या लोकांनी लिहिलं आहे. एका प्राध्यापकांच्या मते तो हात म्हणजे कष्टाचा विजय. दुसऱ्या बाई म्हणाल्या, की ती बुडणाऱ्याची हाक आहे. त्या दोघांचं यावरून बोलणं बंद आहे.

"आमचं चालू हाय," कचरू म्हणाला.

मग तिनं एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली. तिला त्यातली माणसं ओळखून हवी होती. पहिल्या फोटोंत रिकामा ट्रक, हमाल, कापसाची गाठोडी. मग कचरू आला. चोवीस वर्षांचा, काळेभोर केस, फडकं अजून गळ्यात. अंगात चौकटीचा सदरा, लग्नातला. त्याच्या शेजारी शिवाजी, छाती पुढं काढून. दोघं म्हातारे लॅपटॉपवर वाकले.

"आरं, केस किती व्हते रे तुला!"

"अन् तुला दात."

बारावा, तेरावा, चौदावा. दोघं कापसात फिरताहेत, कमरेपर्यंत, फोटोसाठी फडकी खाली ओढून. शिवाजी मध्येच शिंकतोय, तोही फोटो होता. पंधरावा, सोळावा. एक गाडी गेली, दुसरी लागली. मग एकोणिसावा.

हा राधेश्यामनं टपावरून खाली कॅमेरा करून काढला होता. खाली ट्रकच्या सावलीत दोन माणसं झोपली होती. एकाच्या अंगावर सदरा नव्हता आणि तोंड सताड उघडं होतं. दुसऱ्यानं पाय त्याच्या पोटावर टाकला होता. आणि फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, भरलेल्या ट्रकमधून, कापसातून वर आलेला एक हात होता. बोटं फाकलेली.

"पुढचा विसावा, म्हणजे आपला प्रसिद्ध फोटो," अर्पिता म्हणाली. "दोन्ही पाठोपाठचे. हा हात त्याच माणसाचा. पण हे खाली झोपलेले दोघं कोण?"

 आत केशरबाईनं चहाला आधण ठेवलं.

कचरूनं स्वतःचं उघडं तोंड ओळखलं. शिवाजीनं स्वतःचा पाय ओळखला. कचरूनं शिवाजीकडं बघितलं. शिवाजीनं कचरूकडं.

"कोण जाणे," शिवाजी म्हणाला.

"बाहेरगावचे असतील," कचरू म्हणाला. "तवा बाहेरचे लई हमाल यायचे."

"बिलकुल. लई यायचे."

"आळशी असायचे," कचरूनं जोडलं.

फोटोवरून दोघांचं एकमत झालं ते असं. अर्पितानं वहीत लिहून घेतलं, ‘बाहेरगावचे हमाल’. बुद्धभूषणनं कॅमेऱ्यातून डोकं काढून एकदा कचरूच्या तोंडाकडं आणि एकदा लॅपटॉपकडं बघितलं, आणि परत डोळा कॅमेऱ्याला लावला.

मग मुलाखत. आधी कचरूचा नंबर लागला. शिवाजी आपला नंबर येईपर्यंत जाकिटाची गुंडी लावत आणि काढत बसला. समोर लॅपटॉपवर विसावा फोटो मोठा करून ठेवला होता, कचरूला बघून बोलता यावं म्हणून. इतका मोठा आणि इतका स्वच्छ तो त्यानं कधीच पाहिला नव्हता. भिंतीवरच्या कात्रणात डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके होते.

"काका, त्या क्षणी तुम्ही हात का वर केला होता?"

उत्तर तयार होतं. किती वर्षांत किती पाहुण्यांना सांगितलेलं. ‘राधेश्यामला रामराम घातला, म्हटलं बाबा, आम्हालाबी लक्षात ठेव.’ कचरूनं तोंड उघडलं आणि फोटोकडं बघितलं.

फोटोतले डोळे हसत होते.

कचरू कापसात कधी हसला नव्हता. कापसात कोणी हसत नाही. आत उकडतं, नाक भरतं, पोटऱ्या भरून येतात, आणि वरून गाठोडी पडतच असतात. मग हे कोण हसतंय? त्याची नजर हातावर गेली. कापसाबाहेरच्या बाहीवरून दिसत होतं, सदरा चौकटीचा होता. त्याचाच. पण तो स्वतः तर ट्रकच्या सावलीत उघड्या अंगानं पडला होता, आत्ताच पाहिलं. वर केलेल्या हाताची बाही जरा घसरली होती आणि मनगटावर एक बारीक गोल कड दिसत होती. सगळ्यांनी आजवर ते हातातलं कडं समजलं होतं. एक नव्हती ती. नीट बघितलं तर चार-पाच कडा होत्या, एकीला एक लागून, बांगड्यांच्या.

"काका?"

"जरा पाणी पिऊन येतो," कचरू म्हणाला.

केशरबाई कपात चहा ओतत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"त्या दिवशी गाडीत तू चढल्ती?"

तिचा हात थांबला नाही. पाचही कप भरून झाल्यावर तिनं पातेलं खाली ठेवलं. "मंग कोण चढणार? भाकर घेऊन आल्ते म्या. तुमी दोघं खाऊन जे आडवे झाले ते उठंनात. डायवर हारन मारून राह्यला व्हता. कापूस खरेदीचं केंद्र बंद झालं असतं, गाडी रातभर त्याच्या दारात उभी राह्यली असती."

"मला उठवायचं!"

"उठवलं की. तुमी म्हणले, ‘जल्दी येतो.’ अन् कूस बदलली."

कचरूला ते वाक्य स्वतःचंच वाटलं.

"मंग तुमचा सदरा घातला, फडकं बांधलं, अन् पलीकडच्या अंगानं चढले," ती म्हणाली. "कापूस वेचताना बाया तसंच तर राहतात. खालच्यांना वाटलं, तुमीच हाय. अन् तुडवायचं काय, आमच्या माहेरी खोली भरताना म्या सात वर्साची असल्यापासून तुडवते."

"आम्ही उठलो तवा गाडी भरून गेल्ती," कचरू हळूच म्हणाला. "मला वाटलं, शिवाजीनं एकट्यानं भरली. म्या त्याला आठवडी बाजारात भजे खाऊ घातले."

"अन् त्याला वाटलं, तुमी भरली. त्यानं तुमाला जिलेबी आणल्ती. म्या बी खाल्ली."

"अन् हात कशाला वर केल्ता?"

"नको नको म्हणून राह्यले व्हते!" केशरबाई म्हणाली. "फोटू काढू नको म्हणून. नवी नवरी म्या, नवऱ्याचा सदरा घालून टरकात! आत्याबाईंनी घरात घेतलं असतं का? त्यो मागं सरता सरता टपावरून पडायलाच आल्ता, म्हणून हसू आलं. तेवढ्यात काढला त्यानं."

"चाळीस वर्सं बोलली न्हाईस."

"आधी आत्याबाई व्हत्या," ती म्हणाली. "त्या गेल्या तवर तुमी फोटू काचेत बसवल्ता. येईल त्याला दाखवायचे. म्या कशाला मधी येऊ?" तिनं कप ताटात मांडले. "सांगू नका. ती पोरगी जाईल उद्या. तुमाला याच गावात राहायचं हाय. तातेरावच्या हॉटेलात कसे जाताल?"

कचरू उभाच राहिला. आता बाहेर जाऊन ‘रामराम घातला’ एवढं म्हटलं की काम झालं असतं. शिवाजीही आता फार ताणणार नव्हता, त्याचा पाय त्या फोटोत अडकला होता. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते ओटीवर टेबलावर मांडून ठेवलं होतं, हात लांबवायचा अवकाश.

त्यानं चहाचं ताट उचललं. या घरात त्यानं कधी चहाचं ताट उचललं नव्हतं. केशरबाईनं ते सोडेपर्यंत दोन कप हिंदकळले.

ओटीवर येऊन त्यानं ताट टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसला. "हां, कर सुरू," बुद्धभूषणला म्हणाला. लाल दिवा लागला.

"ह्या फोटोतला माणूस म्या न्हाई," कचरू म्हणाला. "शिवाजी बी न्हाई. आम्ही दोघं खाली झोपल्तो. तो उघड्या तोंडाचा हाय ना, तो म्या. अन् पाय शिवाजीचा."

शिवाजी उठून उभा राहिला. "आरं, तुला येड लागलं काय? बाहेरगावचे हमाल म्हणून आपलं ठरल्तं की!"

"कॅमेरा चालू आहे, काका," अर्पिता म्हणाली.

शिवाजी खाली बसला आणि जाकिटाची गुंडी लावली.

"हा फोटो माझ्या बायकोचा हाय," कचरू म्हणाला. "केशरबाईचा. अन् तो हात म्हणजे रामराम न्हाई, अन् ते कष्टाचं काय म्हणले ते बी न्हाई. ती म्हणून राह्यली व्हती, फोटो काढू नको. अन् त्यानं काढला."

अर्पितानं हातातली वही चाळली. तिच्यात राधेश्यामविषयी मोठमोठ्या लोकांचे शब्द होते, आणि हा नको म्हणणारा हात त्यातल्या कशातच बसत नव्हता. मग ती हळूच उठली आणि आत गेली. केशरबाई दाराकडं पाठ करून चुलीशी बसली होती.

"आजी, तुम्ही आता नको म्हणालात तर मी यातलं काहीच दाखवणार नाही," अर्पिता म्हणाली. "नक्की."

केशरबाईनं पदर सारखा केला. "त्यानं बी तसंच केल्तं," ती म्हणाली.

"कोणी?"

"फोटूवाल्यानं. दुसऱ्या वर्सी आल्ता, मला फोटू द्यायला. पेपरात छापल्याचं त्यानंच सांगितलं. म्या लई बोलले त्याला. मान खाली घालून ऐकून घेतलं. म्हणला, ‘ताई, चुकलं. तुमी हात केल्ता ते दिसलं, पण बोट आधीच दाबलं गेल्तं.’ मंग शब्द दिला, नाव कुणाला सांगणार न्हाई म्हणून. पाळला त्यानं."

"त्यांनी तुम्हाला प्रिंट दिला होता? स्वतः धुतलेला?" अर्पिताचा आवाज चढला. "कुठं आहे?"

"चुलीत घातला."

"चुलीत!"

"मंग काय करता? आत्याबाई बाजूलाच बसल्या व्हत्या, लसूण सोलत. म्हणल्या, ‘कशाचा गं वास येतोय?’"

ओटीवरून बुद्धभूषणचं हसणं ऐकू आलं. मग शिवाजीचंही. केशरबाई आधी रागावली, मग तिलाही आवरेना. अर्पिता मात्र कपाळाला हात लावून दाराच्या उंबऱ्यावर बसली होती.

"कचरू," शिवाजी हसू ओसरल्यावर म्हणाला, "म्हणजे त्या दिवशीचे भजे तू मला फुकटच चारले?"

"जिलेबी बी फुकटच गेली तुझी."

"हे काही बराबर झालं न्हाई," शिवाजी म्हणाला. "दोन्ही वहिनीला देऊ आता."

 केशरबाईनं सगळ्यांचे चहाचे कप उचलून विसळले. मग पदरानं हात पुसत अर्पिताला विचारलं, "तुमच्या पिच्चरमधी मला बोलावं लागंल का?"

"नाही बोललात तरी चालेल."

"मंग चालतंय. बोलायचं मला जमत न्हाई. तुडवून दाखवते. नाहीतरी त्या खोलीतला कापूस पोरानं नुसता लोटून ठेवलाय, कोपरे सगळे पोकळ."

तिनं सोमेश्वरचा एक जुना शर्ट दोरीवरून ओढून साडीवर घातला. फडकं मात्र घेतलं नाही. मधल्या खोलीच्या दारात उभं राहून तिनं एकदा आत नजर फिरवली, साडी खोचली आणि कापसात चढली. आधी ढोपरापर्यंत आत गेली, मग सावरली. डावा कोपरा, उजवा कोपरा. टाच, चवडा. वय अठ्ठावन्न, गुडघा दुखतो म्हणून ती जत्रेलाही रिक्षानं जाते. पण कापसात तिचं अंग हलकं झालं. ती भिंतीच्या कडेकडेनं निघाली आणि मागं कापूस दबत, बसत गेला, जसा ओला चिखल फळीनं सारखा करावा तसा.

"चप्पल काढ अन् आत ये," ती बुद्धभूषणला म्हणाली. "दारातून काय दिसणार हाय तुला?"

तो आत उतरला, कॅमेरा डोक्यावर धरून. अर्पिता दारात वाकून उभी राहिली. कचरू तिच्या खांद्यावरून बघत होता. पंचवीस हंगाम त्यानं हेच काम केलं होतं, पण दुसऱ्या कोणाला ते करताना कधी बाहेरून बघितलं नव्हतं. आत असताना दिसतात ते फक्त स्वतःचे पाय. आता त्याला दिसत होतं, की ती वळताना टाच जरा बाहेर टाकते, त्यामुळे कडेला मोकळी जागाच राहत नाही. हे त्याला आणि शिवाजीला कधी सुचलं नव्हतं. गाडीचं पोट त्यांच्याकडून तीनदा फुटलं होतं.

"शिवाजी, इकडं ये," तो कुजबुजला. "टाच बघ. टाच."

"बघतोय," शिवाजी त्याच्या पाठीला चिकटून म्हणाला. "आपण उलटं करत व्हतो की रे."

नीट दिसावं म्हणून कचरू आणखी पुढं सरला. एक पाय उंबऱ्याच्या आत पडला.

"काका," अर्पिता मान न वळवता हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही फोटोत येताय. जरा मागं व्हा."

कचरू एक पाऊल मागं झाला.

"अजून थोडं."

त्यानं शिवाजीलाही कोपरानं मागं रेटलं आणि दोघं ओटीच्या पायरीवर जाऊन बसले. तिथून खोलीतलं काही दिसत नव्हतं. कापसाखाली पाय दबल्याचा आवाज तेवढा येत होता, आणि मधूनमधून केशरबाईचं हसणं.